मोंढ्यातलं पशुऔषधीचं दुकान: बोक्यानं धरलेल्या कोंबडीसाठी काय दिलं, काय दिलं नाही

आमच्या तालुक्याच्या मोंढ्यात सरकी-ढेपीच्या गाळ्यांच्या रांगेत हे दुकान आहे, परभणी जिल्ह्यातलं. नाव लिहीत नाही, कारण खाली दोन-तीन तक्रारी पण आहेत आणि दुकानदार काकाचं तोंड आठवड्याला बघावं लागतं. ओळखणारे ओळखतीलच. हा रिव्ह्यू परसात दहा-बारा कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी आहे. शेडवाल्यांना यातलं काही कामाचं नाही, त्यांच्याकडं हजारातली एक गेली तर ती हिशोबातच धरलेली असते.

झालं असं की संक्रांतीच्या आसपासची थंडी, पहाटे खुराड्याची फळी सरकवून बोका आत घुसला आणि गिरिराजा जातीची तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, धरली. कालवा ऐकून हे काठी घेऊन पळाले तसं बोक्यानं तिला सोडली आणि कंपाउंडवरून गेला. कोंबडी जित्ती होती पण अवतार बघवत नव्हता, पाठीवरची पिसं उपटलेली, तुरा पांढुरका पडलेला, डोळे अर्धे मिटलेले, पाय गार, आणि जमिनीवर ठेवली की तशीच बसून राहायची, माणूस जवळ गेला तरी हलायची नाही. सासूबाईंनी खोबरं कुठाय म्हणून विचारलं. त्यांचं पण चूक नाही, आमच्याकडं जखमी कोंबडीवर एकच इलाज असतो आणि तो चुलीवर असतो. पण तलंग नुकती अंड्यावर आलती, लेकराचा जीव तिच्यात, मग मी तिला खोक्यात ठेवून, मोबाईलवर व्हिडिओ काढून दुकान उघडायच्या टायमाला स्कूटी घेऊन मोंढ्यात. फोन करून गेले असते पण हे लोक फोन उचलत नाहीत, ही पहिली तक्रार. नंबर बोर्डावर एवढा मोठा लिहिलाय तो नेमका कशाला काय माहीत.

दुकान म्हणजे दीड गाळा. पुढं लिव्हर टॉनिकचे कॅन, मिनरल मिक्श्चरची पोती, दावं-कासरे, म्हशीच्या कासेला लावायची मलमं, आणि मागं लसीचा फ्रिज, त्याच्यावर मार्करनं १९६२ हा सरकारी फिरत्या पशुदवाखान्याचा टोल फ्री नंबर लिहिलेला. काउंटरला एक कागद चिकटवलाय, डायक्लोफिनॅक मागू नये. मला आधी वाटलं उधारी बंदच्या पाटीसारखंच काहीतरी असेल, नंतर काकानंच सांगितलं की डायक्लो म्हणजे दुखण्यावरचं औषध, जनावरासाठीचं ते २००६ सालीच बंद झालंय, मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरायची म्हणून, आणि २०२३ला तशीच किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक पण बंद केली, तरी लोक येऊन माणसाचं मागतात. आता आमच्याकडं गिधाड बघितलेली पिढी म्हातारी झालीय, पण कागद लावलाय हे मला आवडलं.

आता मुख्य म्हणजे काकाची पद्धत. मी व्हिडिओ दाखवला तर काका आधी औषधाच्या कपाटाकडं गेलेच नाहीत. पहिला प्रश्न, "ताई, बोका डोळ्यानं बघितला का मेलेल्या-झोपलेल्या बघून अंदाज करायलात?" म्हटलं काका डोळ्यानं बघितला, जखम पण आहे. मग म्हणले बाकीच्या कशा आहेत, कोणी मेलं का, कोणाचा तुरा निळा पडलाय का. हा प्रश्न आमच्या जिल्ह्यातला माणूसच विचारणार. २०२१च्या जानेवारीत इथंच मुरुंब्यात बर्ड फ्लू निघालता, तेव्हापासून अंगावर खूण नसताना दोन-तीन कोंबड्या एकदम गेल्या की काका औषध देत नाहीत, सरळ पशुसंवर्धनला कळवा म्हणतात, आणि मेलेल्या हातानं उचलू नका म्हणतात. बरोबरच आहे.

त्यानंतरचे प्रश्न म्हणजे खरंतर ज्याच्या घरी असं झालंय त्यानं पाठच करावेत. रक्त अजून वाहतंय का थांबलंय? वाहत असेल तर स्वच्छ फडकं दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. श्वास तोंड उघडून घेतेय का? मान धरते का? पायात जोर आहे का? पिसं बाजूला करून कातडी बघितली का? आणि एक असा प्रश्न की जो मला सुचलाच नसता, कातडीखाली कुठं फुगलंय का आणि बोटानं दाबलं की कुरकुर लागतं का. म्हणजे काय तर पक्ष्याच्या अंगात फुप्फुसाला जोडून हवेच्या पिशव्या असतात, दात खोल गेला की त्या फुटतात आणि हवा कातडीखाली भरते. तसं असलं तर घरी काही करत बसू नका, डॉक्टरच.

"कोंबडी आणली नाही ते बेस केलं," म्हणले. आधीच घाबरलेल्या पाखराला पिशवीत कोंबून मोंढ्यातल्या हॉर्नमधून फिरवलं तर जखमेनं नाही मरत, धसक्यानं मरते. आधी दोन-तीन तास अंधारात, गुपचूप ठिकाणी, उबेला ठेवा, जरा सावरली की आजच्या आज सरकारी दवाखान्यात न्या, बोक्याचा दात आहे म्हणून. आणि धरताना छातीला आवळू नका. हे मला खरंच नवीन होतं. माणसाला छाती-पोटाच्या मधी पडदा असतो तो कोंबडीला नसतो, ती छातीचं हाड खालीवर करूनच श्वास घेते, आपण मायेनं घट्ट कवटाळलं की तिचा श्वासच कोंडतो. दोन्ही पंख अंगाला लावून खालून हात द्यायचा, बास.

दिलं काय तर, अर्ध्या लिटरची सलाईनची बाटली, पोव्हिडोन आयोडीनची छोटी बाटली, गॉज, सुई नसलेली सिरिंज. एवढंच. दोनशेच्या आत बिल. कसं वापरायचं ते पण नीट सांगितलं, जखमेवर सिरिंजनं सलाईनची धार मारायची, म्हणजे माती-पिसं निघतात, कापसानं घासायचं नाही कारण कापसाचे तंतू आत राहतात. मग आयोडीन पाण्यात एवढं पातळ करायचं की रंग कोऱ्या चहासारखा दिसला पाहिजे, नुसतं घट्ट ओतायचं नाही. आणि हायड्रोजन पेरॉक्साईडचा फेस बघून लोकांना लई बरं वाटतं पण ते नवीन येणारी कातडी पण जाळतं, रोज रोज वापरायची वस्तू नाही ती. सासूबाईंच्या हळदीला काकानं नाही म्हटलं नाही (हुशार माणूस, घरात भांडण लावून देत नाही) फक्त म्हणले तेलात कालवू नका, तेलानं पिसं चिपकतात आणि चिपकलेल्या पिसाला ऊब धरून ठेवता येत नाही, थंडीचे दिवस आहेत.

घरी येऊन धुवायला बसलो तेव्हा कळलं काका पिसं बाजूला करा कामून म्हणत होते. पाठीवरचं सालटं निघालेलं दिसत होतं, ते लाल-लाल, बघायला भयंकर, सगळ्यांचं लक्ष तिकडंच. पण ओल्या बोटानं एक-एक ओळ पिसं सरकवत गेलं तर डाव्या पंखाच्या खाली, जिथं कातडी एकदम पातळ, तिथं दोन भोकं, मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, एकमेकांपासून बोटभर अंतरावर, कडेला निळसर आणि रक्त जवळजवळ नाहीच. ते बोक्याचे सुळे. वरचं सालटं भरून येतं, घात ही भोकंच करतात, कारण वरून बंद होतात आणि आत पू होतो. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात, पाखराला ते चालत नाहीत. म्हणून दवाखाना त्याच दिवशी.

आता काय दिलं नाही ते लिहिते, कारण माझ्या मते दुकानाची खरी किंमत त्याच्यात आहे.

मी मागितला होता ब्रूडरचा लाल बल्ब, युट्यूबवर सगळे तेच दाखवतात. काका म्हणले हा अडीचशे वॅटचा, शंभर पिल्लाच्या खोलीचा आहे, एका कोंबडीला खोक्यात लावून भाजायची आहे का. त्यापेक्षा पाण्याच्या बाटलीत कोमट पाणी भरा, टॉवेलात गुंडाळा आणि खोक्याच्या एका बाजूला ठेवा, एकाच बाजूला, म्हणजे गरम झालं तर तिला दुसरीकडं सरकता येतं. लाईट गेली तरी बाटली गरम राहते हे वर. आमच्याकडं थंडीत रात्री शेतीचा लोड सुरू झाला की डीपीचं काय होतं ते सगळ्यांना माहितीय, त्यामुळं हा सल्ला मला बल्बपेक्षा भारी वाटला. गिऱ्हाईक स्वतः पैसे काढून मागतंय आणि दुकानदार नको म्हणतोय, असं मोंढ्यात बघितलंय का कोणी?

इथंच एक सांगून ठेवते, हे थंडीतलं झालं. एप्रिल-मेमध्ये हीच भानगड झाली तर ऊब-बिब विसरा. आपल्याकडं बेचाळीसच्या वर जातं, कोंबडीचं अंग मुळात एकेचाळीस डिग्रीच्या आसपास असतं, तिला घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकूनच ती गरमी बाहेर काढते. तेव्हा धसका बसलेल्या कोंबडीला घरातल्या गार, अंधाऱ्या खोलीत ठेवायचं, खोक्याच्या बाहेरून ओलं पोतं टाकायचं, हवा खेळती ठेवायची. थंड देशातल्या लोकांचे व्हिडिओ बघून मे महिन्यात परभणीत बल्ब लावणारे पण आहेत, खरं सांगते. आणि हात लावून "अंग तापलंय, ताप आलाय" म्हणून तापाची गोळी पण देऊ नका, धडधाकट कोंबडी पण आपल्या हाताला गरमच लागणार.

दुसरं नाही दिलं ते अँटिबायोटिक. एन्रो (एन्रोफ्लॉक्सासिन) द्या म्हटलं, सगळेच देतात, तर काका म्हणले चिठ्ठी आणा. डोस वजनावर असतो, आणि औषध चालू असताना आणि बंद केल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत ते डॉक्टर सांगतात, मी सांगणार नाही. म्हटलं एका कोंबडीसाठी कुठं चिठ्ठी काका. "एका कोंबडीची अंडी लेकरूच खातं ना तुमचं?" विषय संपला.

दवाखान्याबद्दल फार लिहीत नाही, रिव्ह्यू दुकानाचा आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी नीट बघितलं, भोकं शिवायची नसतात म्हणल्या, आतली घाण बाहेर यायला उघडी राहिली पाहिजेत, पाठीवरचं एक लोंबतं सालटं तेवढं टाक्यात घेतलं, दुखण्याचं मेलॉक्सिकॅम दिलं, चिठ्ठी लिहून दिली. रांगेत कोंबडी घेऊन उभी राहणारी मी एकटीच, बाकी सगळे शेळ्या-वासरंवाले हसत होते, हसू द्या. इथं नाही झालं तर आपल्या मराठवाड्यात परभणी आणि उदगीर दोन्हीकडं पशुवैद्यकीय कॉलेज आहे हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. बाकी ज्यांना जाणं शक्य नाही त्यांनी फ्रिजवरचा तो १९६२ लावून बघा.

चिठ्ठी घेऊन परत दुकानात आले तेव्हा दुसरी तक्रार तयार झाली, पण ती दुकानापेक्षा कंपन्यांवर आहे. पोल्ट्रीचं प्रत्येक औषध शंभर पक्षी, हजार पक्षी या हिशोबात. इलेक्ट्रोलाईटची पावडर बघितली तर पाकीटच किलोचं, डोस हजार पक्ष्याला इतके ग्रॅम. मी एका कोंबडीला काय सोनाराच्या काट्यावर मोजून देऊ? परसातल्या कोंबड्या गावोगाव आहेत, बायकांच्याच आहेत, आणि अख्ख्या कपाटात आमच्या मापाची एक पुडी नाही. काकाला नंतर विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं, हे घेऊ नका, माणसाच्या मेडिकलमधून ओआरएसची पुडी घ्या, एक पुडी एक लिटर पाण्यात, तेच तिला दिवसभर थोडं थोडं ठेवा, रात्री उरलेलं फेकून द्या, आणि दोन-तीन दिवसाच्या वर चालवू नका, साधं पाणी बाजूला असूच द्या. म्हणजे परत एक गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात पाठवलं.

पाणी पाजायचं कसं हे पण काउंटरवर पेन धरून दाखवलं. चोच उघडून घशात ओतायचं नाही, कोंबडीची श्वासनळी जिभेच्या मागंच उघडते, पाणी सरळ फुप्फुसात जातं आणि आपल्याला वाटतं बोक्यानं मारली. सिरिंजनं चोचीच्या कडेला एक थेंब लावायचा, ती जीभ हलवून ओढून घेते, मग दुसरा थेंब. गिळतच नसेल, मान टाकली असेल, तर तोंडात काही घालायचंच नाही. आमच्या तलंगीनं पहिला थेंब तसाच ओघळू दिला, दुसरा पण, मग थोड्या वेळानं चोच चाटल्यासारखी केली आणि पुढं सिरिंज दिसली की मान लांब करायला लागली. आमचं लेकरू तिथून उठेना. त्याला उठवणं हेच खरं अवघड काम, कारण खोकं सारखं उघडून बघणं म्हणजे तिला परत परत घाबरवणं. भितीनं कोंबडीची एवढी ताकद जाते की जखमेला काही उरतच नाही. मी खोक्यावर चादर टाकली आणि टीव्हीच्या खोलीतून उचलून माळवदाच्या जुन्या खोलीत नेऊन ठेवलं, तिथं मिक्सरचा पण आवाज जात नाही.

खाण्याचं फार टेन्शन घेऊ नका. पहिल्या दिवशी नाही खाल्लं तर नाही खाल्लं, पाणी जाणं महत्त्वाचं. आमचीनं आधी उकडलेल्या अंड्याचा पिवळा कुस्करून खाल्ला (कोंबडीला अंडं म्हणून नाक मुरडू नका, एवढं सोपं पचणारं दुसरं काही नाही), मग भिजवलेला भरडा, मग ज्वारीच्या कण्या. न खाल्ल्यामुळं शिट हिरवी पडते, ती बघून लगेच रोग आला म्हणून घाबरायचं नाही, पोटात दाणा गेला की रंग बदलतो. पण खायला लागूनही हिरवीच राहिली किंवा जखमेला वास यायला लागला तर परत दवाखाना.

अंडी बंद झाली. होणारच. धसका बसला की अंगातलं सगळं कामकाज जिवंत राहण्यावर लागतं, अंडं ही चैन आहे. काही कोंबड्या तर पिसं पण गाळतात. काकाला विचारलं अंड्यासाठी टॉनिक देऊ का, तर म्हणले ताई बोक्यानं धरलेली बाई आहे ती, बाळंतपण कशाला मागायलात इतक्यात. मी तिथंच हसले. काही आठवड्यांनी घातलं पहिलं अंडं, कवच जरा पातळ, मग सुरळीत. शिंपल्याचा चुरा मात्र दिला होता काकानं, सुटा, कागदात बांधून, त्याचं पाकीट पण पाच किलोच्या खाली मिळत नाही म्हणून पोतं फोडून दिला.

आता स्प्रे. जनावराच्या जखमेवर मारायचा हर्बल स्प्रे, प्रत्येक कंपनीचा असतो, माझ्याकडं कुठला होता ते सोडा. चांगली गोष्ट अशी की माशा बसत नाहीत, आणि पावसाळ्यात हेच सगळ्यात मोठं काम आहे, कोंबडीच्या जखमेत किडे पडायला एक दिवस बास होतो. वास मात्र असा की खोलीत थांबवत नाही. आणि जवळून मारला की फस्स आवाजानं कोंबडी परत बिथरते, तिला वाटतं बोकाच फिसकारला. त्यामुळं मी बाहेर जाऊन गॉजवर मारायचे आणि गॉज टेकवायचे. डोळे-नाकाजवळ अजिबात नाही. नोझल आठवड्याभरात चोंदलं, गरम पाण्यात ठेवून मोकळं केलं. पाचपैकी तीन. धसक्यावर कुठलाच स्प्रे चालत नाही हे लक्षात ठेवा, व्हॉट्सॲपवर याच्याच जाहिराती "कोंबडी लगेच ताजीतवानी" म्हणून फिरतात. गुरांच्या जखमेतल्या किड्यांवर लोक टर्पेंटाईन, रॉकेल वापरतात, ते पाखराच्या अंगाला लावू नका म्हणून काकानं न विचारता बजावलं.

कळपात परत सोडायचं ते पण दुकानातच शिकले. लाल दिसलं की बाकीच्या टोचायला येतात, त्यात दुष्टपणा वगैरे काही नाही, जातच तशी. जखम भरून खपली वाळल्याशिवाय सोडायचं नाही. आधी डालग्याखाली ठेवून डालगं त्यांच्यामधीच ठेवायचं, दिसेल पण टोचता येणार नाही. सोबतीला एक गरीब स्वभावाची कोंबडी डालग्यात दिली तर अजून बेस. मग संध्याकाळी, सगळ्या खुराड्यात बसल्यावर, मधी नेऊन बसवायची. सकाळी थोडी चोचाचोची झाली, आमची एक काळी गावरान आहे ती जरा जास्तच शहाणी, तिला दिवसभर वेगळं बांधलं की ताळ्यावर आली.

तिसरी तक्रार, आणि ही मोठी. सकाळी काका असतात. दुपारनंतर काउंटरला पुतण्या बसतो. पोरगं वाईट नाही पण ते डोळे मोबाईलमधून काढत नाही आणि काय झालंय न विचारता तीन बाटल्या पुढं ठेवतं, त्यातली एक लिव्हर टॉनिकची असणारच. चिठ्ठी घेऊन गेले तेव्हा हाच होता. चिठ्ठीवर नसलेली मल्टीव्हिटॅमिनची बाटली बिलात आली, मी विचारलं तर "सगळेच घेतात ताई". परत केली, घेतली त्यानं गुमान, पण जी बाई विचारत नाही तिचं काय? एकाच दुकानात सकाळी एक आणि दुपारी एक असं नको. काका, हे वाचलं तर वाईट वाटून घेऊ नका, पण पुतण्याला समजावा.

आणखी एक प्रसंग काकाच्या बाजूनं. मी तिथं असतानाच एक जण आला, त्याची पण कोंबडी गेलती, म्हणला मांसाला लावून ठेवायला विष द्या, रोजचं कटकट संपवतो. काका म्हणले विष खाऊन बोका मरेल का शेजाऱ्याचं कुत्रं मरेल याचा भरोसा नाही, आणि रानमांजर असलं किंवा मुंगूस असलं तर १९७२च्या वन्यजीव कायद्यात दोन्ही येतात, उगा लफडं गळ्यात पडंल. त्यापेक्षा पुढच्या हार्डवेअरमधून अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा जोडलेली चौकोनी जाळी, न्या. आपण जी षटकोनी कोंबडजाळी लावतो ना, ती कोंबडी आत ठेवायला आहे, बाहेरचं जनावर अडवायला नाही, कुत्रं दातानं फाडतं आणि मुंगूस भोकातून जातं. वेल्डमेश खाली फूटभर जमिनीत गाडायची किंवा बाहेरच्या बाजूनं जमिनीवर पसरून वर दगड ठेवायचे, उकरणारं जनावर तिथंच थांबतं. आणि एकदा चव लागलेला बोका परत येतोच, दुसऱ्याच रात्री पण येतो, म्हणून जाळी होईपर्यंत कोंबड्या घरात घ्या. आम्ही फळी काढून कडी असलेलं दार बसवलं, औषधाच्या सगळ्या बिलापेक्षा जाळीचं बिल कितीतरी जास्त झालं, आणि पैसे तिथंच लागायला पाहिजेत असं माझं मत आहे.

एक शंका सगळे विचारतात म्हणून, कुत्र्या-मांजरानं चावलेल्या कोंबडीपासून रेबीज होतो का. रेबीज हा दूध पाजणाऱ्या जनावरांचा रोग, कोंबडीपासून नाही होत. पण जखम धुताना हातमोजे घाला, कारण कोंबडीच्या अंगावर चावणाऱ्याची लाळ असते आणि आपल्या हाताला कुठं कापलेलं असतं. आणि सोडवताना बोका किंवा कुत्रं माणसाला चावलं-ओरबाडलं तर कोंबडी बाजूला ठेवा, आधी स्वतःची जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि सरळ सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्या.

जाणाऱ्यांसाठी कामाचं एवढंच. सकाळी जा, काका असताना. आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका, म्हशीवाल्यांची रांग असते आणि कोंबडीवाल्याला कोणी विचारत नाही. गाडी लावायला जागा नाही, ढेपीचे टेम्पो लागलेले असतात. क्यूआर कोड आहे. सुट्या गोळ्या, सुटी पावडर मिळते पण कागदावर औषधाचं नाव आणि एक्स्पायरी लिहून घ्या, मागितलं की देतात. राणीखेत रोगाची लासोटा लस पाहिजे असेल तर आधी सांगून ठेवा, छोट्यात छोटी बाटली पण शंभर डोसची असते आणि एकदा पाण्यात मिसळली की ठेवता येत नाही, त्यामुळं गल्लीतल्या दोन-चार घरांनी मिळून घ्या. बर्फाशिवाय काका लस देत नाहीत, कितीही जवळचं गिऱ्हाईक असलं तरी. बर्फ फुकट देतात, थर्मास मात्र घरून न्या, मागं कोणीतरी नेलेला परत आणून दिला नाही म्हणून आता देणं बंद केलंय.